काळ्या घोड्यासमोरचं वाचनालय

मुंबईतला काळा घोडा चौक. भरदुपारची वेळ, टॅक्स्यांचे हॉर्न थांबायचं नाव घेत नाहीत. एल्फिन्स्टन कॉलेजला खेटून उभी असलेली ही पिवळसर मालाड दगडाची, कमानींची इमारत म्हणजे डेव्हिड ससून वाचनालय.

दारावरची कमान जरा जवळून बघा. माथ्यावर दाढीवाल्या गृहस्थाचं मुख कोरलंय. आत पाऊल टाकलं की तेच गृहस्थ पुन्हा भेटतात, या वेळी अख्खे, पायघोळ झग्यात. हा पुतळा घडवला इंग्रज शिल्पकार थॉमस वूल्नर यांनी.

डेव्हिड ससून मूळचे बगदादचे ज्यू. तिथल्या सुभेदाराच्या जाचापायी गाव सोडलं आणि १८३०च्या दशकात कुटुंबकबिल्यासह मुंबई गाठली. कापूस, कापड आणि अफू यांवर त्यांची पेढी फोफावली. ससूनांच्या दानधर्माच्या गोष्टीतून अफू हा शब्द बहुधा हळूच गळतो. पण चीनला रवाना झालेल्या पेट्यांचा पैसाही याच घराण्याच्या तिजोरीत येत होता. पुण्याचं ससून रुग्णालयही त्यांच्याच देणगीतलं.

नाव ससूनांचं, पण वाचनालयाची मूळ कल्पना त्यांची नव्हे. १८४७ साली सरकारी टांकसाळीतले आणि गोदीतले काही तरुण कारागीर आणि फोरमन एकत्र आले. यंत्रांचे नमुने, इमारतींचे आराखडे आणि पुस्तकं एका जागी असावीत, एवढीच त्यांची इच्छा. संस्थेचं नाव मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. थोडक्यात, दिवसभर लोखंडाशी झटणाऱ्या माणसांची ही खटपट. त्यांच्यापैकी कुणाचं मुख या कमानीवर नाही.

पुढे जागा हवी झाली, तेव्हा ससूनांनी ६०,००० रुपये दिले. बांधकामाला लागले सव्वा लाख. वास्तू पुरी झाली १८७० मध्ये, पण ससून त्याआधीच, १८६४ साली पुण्यात वारले. पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची कबर आहे.

आणि तो घोडा? तोही ससूनांच्याच घरचा. डेव्हिड यांचे चिरंजीव अल्बर्ट यांनी इंग्लंडच्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. १९६५ मध्ये तो इथून हलवला, युवराज घोड्यासकट राणीच्या बागेत गेले. चौकाचं नाव मात्र लोकांनी सोडलं नाही. आज दिसणारा बिनस्वाराचा घोडा २०१७ सालचा.

आता जिना चढून वर या. लाकडी पायऱ्या, उंच छत आणि रस्त्याच्या अंगाला सज्जा. खाली हॉर्न चालूच आहेत. सज्जात लांब हातांच्या आरामखुर्च्या मांडल्यात. एका खुर्चीत परीक्षेच्या नोट्स. शेजारच्या खुर्चीत एक आजोबा, छातीवर उघडं वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर सरकलेला, डोळे मिटलेले. वाऱ्याने पान उलटतं. आजोबा डोळे न उघडताच त्यावर हात ठेवतात.