रेंज नसते तेव्हा

विषय जाहीर झालाय ‘मोबाइलच्या लहरी आणि कर्करोग’. तिकडे येणारच आहे. पण आधी मक्याच्या लाह्यांचं काय ते मिटवू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

2008 साली एक व्हिडिओ जगभर फिरला. टेबलावर मक्याचे चार दाणे, भोवती मोबाइल, रिंग वाजते आणि दाणे फटाफट फुटतात. कुणाकुणाकडे आला होता, हात वर करा बरं. बघा, निम्मं सभागृह! तो ब्लूटूथ हेडसेट विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीचा भाग होता. कंपनीने पुढे तसं मान्यही केलं. पण साधा हिशेबच करून बघू. जुन्या जीएसएम, म्हणजे टूजी, फोनची 900 मेगाहर्ट्झवर कमाल शक्ती 2 वॉट. तीही सलग नाही. वेळेचे आठ तुकडे पाडलेले असतात, त्यांतल्या एकात फोन प्रक्षेपण करतो आणि सात तुकडे गप्प बसतो. म्हणजे सरासरी पाव वॉट. चार फोन मिळून फार तर एक वॉट, आणि तोही चहूकडे विखुरलेला. दाणा फुटायचा तर तो 180 अंशांच्या आसपास तापावा लागतो. त्यासाठी स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह बंद धातूच्या पेटीत सात-आठशे वॉट ओततो, तरी दोन-तीन मिनिटं लागतातच.

लाह्यांवर एवढा वेळ घालवतोय, कारण तेच चित्र डोक्यात घेऊन माणसं सोसायटीच्या सभेला बसतात. ‘समोरच्या गच्चीवरचा टॉवर काढा’ असा ठराव होतो, आणि सह्या करणाऱ्यांचे फोन मात्र त्या वेळीही कानाला असतात.

टॉवरचंही गणित मांडू. अँटेनाला 20 वॉट दिले आणि तिने ते एका दिशेला पन्नासपट एकवटले, असं धरा. म्हणजे झोताच्या दिशेला 1000 वॉटचा परिणाम. झोताच्या अगदी समोर, 50 मीटरवर, तो दर चौरस मीटरला सुमारे 0.03 वॉट उरतो. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली. 900 मेगाहर्ट्झला ती 0.45 वॉट होते. या उदाहरणात ती गाठायला झोतासमोर 13 मीटरच्या आत यावं लागेल. एका खांबावर अनेक अँटेना असतील तर बेरीज वाढते, म्हणून समोरच, त्याच उंचीवर खिडकी असेल तर मोजमाप मागणं रास्तच आहे. पण झोत आडवा, जेमतेम काही अंश खाली झुकलेला असतो. टॉवरच्या पायथ्याशी दिव्याखाली अंधार!

आता मुख्य मुद्दा. फोन स्वतःची शक्ती सतत बदलत असतो. टॉवर त्याला सांगत राहतो, ‘हळू बोल’, ‘मोठ्याने बोल’. थ्रीजीत हे सेकंदाला 1500 वेळा चालायचं. जीएसएम फोन चांगल्या रेंजमध्ये काही मिलिवॉटवर उतरतो. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये, बोरघाटात तो पूर्ण 2 वॉटवर चढतो. फरक शेकडो पटींचा. आणि हा स्रोत कानापासून एका सेंटिमीटरवर! टॉवर हटवला की परिसरातली रेंज घटते आणि प्रत्येक फोन ओरडू लागतो. ठरावाने मिळवलं ते हे.

फोनला चिकटवायचे ते ‘रेडिएशनविरोधी’ स्टिकर तर घेऊच नका. बहुतेक काहीच करत नाहीत, आणि जो खरंच लहर अडवतो तो फोनला शक्ती वाढवायलाच भाग पाडतो. तेच बोटांचं: अँटेना बहुधा खालच्या-वरच्या कडांना असतात, त्या मुठीत झाकू नका.

एसएआर, म्हणजे शरीर किती ऊर्जा शोषतं तो आकडा, *#07# दाबलं की दिसतो. आपली मर्यादा एक ग्रॅम ऊतीवर सरासरी 1.6 वॉट प्रति किलो. प्रयोगशाळेत डोक्याच्या आकाराच्या पोकळ साच्यात शरीरासारखं द्रव भरतात, फोन बाहेरून गालाला टेकवतात आणि यंत्रमानवाचा हात द्रवात सळई फिरवून मोजतो. हा आकडा कमाल शक्तीचा असतो. म्हणून 0.9चा फोन कमी रेंजमध्ये वापरणारा 1.2चा फोन भरपूर रेंजमध्ये वापरणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घेऊ शकतो.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरली. तर कर्करोग. 900 मेगाहर्ट्झच्या लहरींच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) लाखाव्या भागाहूनही कमी. डीएनएचे बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सिद्ध झालेला परिणाम उष्णतेचा, आणि मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘2ब’, म्हणजे ‘कदाचित’, असा शिक्का मारला. त्याच यादीत आशियाई खारवलेल्या भाज्याही आहेत. मोबाइल आणि मेंदूतल्या गाठी यांवरच्या तेरा देशांच्या इंटरफोन अभ्यासात एकूण धोका वाढलेला दिसला नाही. सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्क्यांत ग्लायोमाचं, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीचं, प्रमाण जास्त दिसलं, पण आठवणीवर सांगितलेल्या तासांत अशक्य आकडेही होते. संघटनेनेच करवून घेतलेल्या 2024च्या आढाव्यातही मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

तरी सवयी सोप्या आहेत. इअरफोन किंवा स्पीकर वापरा. समोरच्याने उचलेपर्यंत फोन कानाला लावू नका. एकच काडी दिसत असेल तर लांबलचक गप्पा नंतर मारा. पेसमेकर असेल तर फोन त्यापासून 15 सेंटिमीटर दूर, म्हणजे शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नकोच. आणि समोरच्या टॉवरची शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून घरी येऊन मोजणी करून घेता येते. 2017 साली ते सुरू झालं तेव्हा शुल्क 4000 रुपये होतं. त्या दराने सोसायटीतल्या पन्नास जणांनी वर्गणी काढली तर माणशी शंभरही पडणार नाहीत.