इंधन हलकं, टाकी जड

मित्रहो,

हायड्रोजनवर विमान उडेल का, असा आजचा विषय आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: उडून झालेलं आहे. फेब्रुवारी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या नाका या संस्थेनं (पुढे हिचीच नासा झाली) बी-५७ जातीच्या एका बॉम्बर विमानाचं एक इंजिन एरी सरोवरावर, हवेत असताना, हायड्रोजनवर चालवून दाखवलं. विमानानं उड्डाण नेहमीच्या इंधनावर केलं, उंची गाठली आणि मग एका इंजिनाचं इंधन बदललं. इंजिननं कुरकूर केली नाही. पुढे १५ एप्रिल १९८८ रोजी सोव्हिएत संघाचं तुपोलेव्ह-१५५ उडालं. त्याच्या तीन इंजिनांपैकी एक हायड्रोजनवर चालत होतं.

मग पहिल्या उड्डाणाला जवळपास सत्तर वर्षं होत आली तरी आपण अशा विमानात बसलेलो का नाही? हायड्रोजन जळतो उत्तम. तो बाळगणं कठीण आहे. अडचण कुठे आहे हे नीट कळलं, तर या इंधनाबद्दलची भाबडी आशाही जाते आणि सरसकट नकारही जातो. आणि आज मला नेमकं तेच साधायचं आहे.

आधी त्याची बाजू. विमानाचं नेहमीचं इंधन म्हणजे मुळात शुद्ध केलेलं रॉकेलच. त्याच्या एका किलोत सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर हायड्रोजनच्या एका किलोत १२०. म्हणजे जवळपास पावणेतीन पट. विमानात प्रत्येक किलो उचलावा लागतो, त्यामुळे हा आकडा पाहून अभियंत्याच्या तोंडाला पाणी सुटणारच.

आता दुसरा आकडा बघा. हायड्रोजन द्रवरूप केला तरी त्याचा एक घनमीटर फक्त ७१ किलो भरतो. तेवढंच रॉकेल ८०० किलोच्या आसपास. समजा, एका मध्यम विमानाला एका फेरीसाठी ५ टन रॉकेल लागतं. तेवढ्या ऊर्जेसाठी हायड्रोजन १.८ टनच पुरेल, पण रॉकेलला सव्वासहा घनमीटर जागा लागते तिथे त्याला २५ लागतील. वजन तिसऱ्या हिश्शाच्या जवळ आलं, जागा चौपट झाली.

ही चौपट जागा आणायची कुठून? रॉकेल पंखांत भरतात, आणि त्यामागे मोठी हुशारी आहे. उडताना हवा पंखांना वर ढकलते, तेव्हा आतल्या इंधनाचं वजन त्यांना खाली धरून ठेवतं. त्यामुळे पंखाच्या मुळाशी ताण कमी पडतो आणि पंख हलका बांधता येतो. हायड्रोजनला ही सोय नाही. तो द्रवरूप ठेवायला उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान लागतं, म्हणजे टाकी थर्मासच हवी. थर्मासमध्ये बाहेरची उष्णता कमीत कमी शिरावी म्हणून तिचा पृष्ठभाग कमीत कमी हवा. म्हणून टाकी गोल किंवा नळकांडीसारखी. चपट्या पंखात ती बसत नाही. ती धडात, प्रवाशांच्या मागे न्यावी लागते. तुपोलेव्हनं तेच केलं होतं. धड लांबलं की हवेचा विरोध वाढतो, टाकीचं स्वतःचं वजन वर येतं, आणि हलक्या इंधनाचा फायदा वाटेतच विरघळू लागतो.

१९५० च्या दशकात लॉकहीड कंपनीनं हायड्रोजनवर चालणारं एक गुप्त टेहळणी विमान आखलं होतं. ते रद्द होण्यामागचं मोठं कारण पल्ला होतं. विमान इंधनानं इतकं भरलेलं, की पुढे पल्ला वाढवायचा तर जास्तीचं इंधन ठेवायला जागाच उरली नव्हती. तिथे जमवलेली विद्या मात्र वाया गेली नाही; द्रवरूप हायड्रोजन हाताळण्याचं ते कसब अवकाशाच्या रॉकेटांना उपयोगी पडलं. रॉकेटला तो परवडतो, कारण ते काही मिनिटांत टाकी रिकामी करतं. विमानाला तीच टाकी दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं, भरून आणि रिकामी करून वापरायची आहे.

आता थोडं थांबून एक गंमत सांगतो, कारण ती मला फार आवडते. हायड्रोजनच्या रेणूचे दोन प्रकार असतात, ऑर्थो आणि पॅरा. नेहमीच्या तापमानाला पाऊण भाग ऑर्थो असतो. गार केल्यावर हळूहळू सगळा पॅरा होऊ पाहतो, आणि या बदलात तो उष्णता सोडतो. ही उष्णता त्याला उकळवायला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते! म्हणजे घाईनं गार करून टाकीत भरलात, तर टाकी कितीही उत्तम असू दे, इंधन आतल्या आत स्वतःलाच उकळवत राहील. म्हणून द्रवीकरण करतानाच उत्प्रेरक वापरून हा बदल उरकून घ्यावा लागतो. अशा बारीकसारीक गोष्टींनीच हे तंत्र महाग होतं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, की सुरक्षिततेचं काय? तुमच्या डोळ्यांसमोर १९३७ मध्ये जळून गेलेलं, हायड्रोजन भरलेलं हिंडेनबर्ग हे हवाई जहाज असणार. ती भीती मी हलकी लेखणार नाही. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात पेट घेतो, अगदी क्षुल्लक ठिणगीनं, आणि उजेडात त्याची ज्योत दिसतही नाही. पण मोकळ्या जागी गळाला तर तो झपाट्यानं वर निघून जातो. रॉकेलसारखा जमिनीवर साचून पेटत राहत नाही. धोका वेगळ्या जातीचा आहे. बंदिस्त जागेत तो साचणार नाही याची व्यवस्था, गळती लगेच ओळखणारी यंत्रणा आणि अपघातात टाकी कशी वागेल याची चाचणी, हे सगळं नव्यानं करावं लागेल.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मला तळमळीनं बोलायचं आहे. आज जगात तयार होणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो. स्वच्छ मार्गानं बनणारा १ टक्काही नाही. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन करताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विमानात तो किलो २.८ किलो रॉकेलची जागा घेतो. ते रॉकेल जाळलं असतं, तर सुमारे ८.८ किलो कार्बन डायऑक्साइड निघाला असता. म्हणजे वाचलं काही नाही, उलट थोडं वाढलंच, आणि द्रवीकरणाचा खर्च त्यावर वेगळा. विमानाच्या शेपटीतून पाण्याची वाफ निघेल आणि धूर दूरच्या कारखान्याच्या धुराड्यातून.

स्वच्छ मार्ग म्हणजे अपारंपरिक विजेनं पाण्याचं विघटन. एका किलोला सुमारे ५५ युनिट वीज, आणि द्रवीकरणाला आणखी दहा-बारा. मघाच्या त्या १.८ टनांच्या फेरीला जवळपास १ लाख १७ हजार युनिट लागतील. अशा १०० फेऱ्या रोज सुटणाऱ्या विमानतळाला अहोरात्र सुमारे ४९० मेगावॉटचा पुरवठा हवा. विमानतळाच्या शेजारी एक मोठं वीज केंद्र उभं करायचं, असा याचा अर्थ.

हवामानाचा हिशेब कार्बनपाशीही संपत नाही. तेवढ्याच ऊर्जेसाठी हायड्रोजनमधून रॉकेलच्या सुमारे अडीचपट वाफ निघते, त्यामुळे विमानामागच्या, बर्फकणांच्या आणि उष्णता अडवून धरणाऱ्या पांढऱ्या रेषांचा प्रश्न राहतो. त्यात काजळी नसल्यानं बर्फकण कमी आणि मोठे होतात, ही जमेची बाजू आहे. इंजिनात जाळला तर नायट्रोजनची ऑक्साइड्स राहतातच. फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजन न जाळता त्यापासून वीज करणाऱ्या साधनात, वापरला तर तीही टळतात.

मग शक्यता कुठे आहे? माझ्या मते लहान विमानांत, छोट्या पल्ल्यावर. सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हेनियात चार आसनी एचवाय-४ विमान द्रवरूप हायड्रोजन आणि फ्युएल सेलवर तीन तासांहून अधिक उडालं. त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडमध्ये १९ आसनी डॉर्निअर-२२८ चं एक इंजिन फ्युएल सेलवर चाललं. ही सुरुवात खरी आहे आणि तिला पैसा मिळायला हवा. मोठ्या विमानांची घाई मात्र फसवी ठरली. एअरबस या विमान कंपनीनं २०२० मध्ये हायड्रोजनच्या प्रवासी विमानासाठी २०३५ चं लक्ष्य जाहीर केलं होतं आणि २०२५ मध्ये ते लांबणीवर टाकलं.

आणि लांब पल्ल्याचं सांगतो. ८० टन रॉकेल घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या विमानाला २९ टन हायड्रोजन लागेल, म्हणजे सुमारे ४०० घनमीटर. मालवाहू जहाजावरचे वीस फुटी कंटेनर तुम्ही पाहिले असतील, तसे बारा. हे सगळे धडात बसवायचे आणि उरलेल्या जागेत माणसं. त्या मार्गांवर मला अजून अनेक वर्षं द्रवरूप हायड्रोजन दिसत नाही. तिथे हाच स्वच्छ हायड्रोजन आणि हवेतून पकडलेला कार्बन जोडून कृत्रिम रॉकेल करावं लागेल. त्याला वीज आणखी जास्त लागते, पण टाकी पंखातच राहते.