चुकलेला डबा कोणाचा?

सकाळी दहानंतर दादर स्थानकाबाहेर डब्यांची वर्गवारी सुरू झाली, की पाहणाऱ्याचे लक्ष झाकणांवरील रंगीत खुणांकडे जाते. आपण मात्र जरा मागे उभे राहून हातांपेक्षा डोळ्यांनीच जास्त काम करणाऱ्या नवख्या डबेवाल्याकडे पाहू.

महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या व्यवसायात प्रशिक्षणाचा वेगळा वर्ग नसतो. झाकणावरील खुणेत स्थानक, इमारत आणि मजला कळतो. डबा नेमका कोणत्या घरून घ्यायचा, हे मात्र जुन्या माणसामागे फिरूनच पाठ करावे लागते. मोठ्या स्थानकावर क्रेट चढवायला जेमतेम ४० सेकंद मिळतात आणि तेवढ्यात कोणी कोणाला समजावत बसत नाही. साधारण पंचवीस जणांच्या गटात दोन-तीन माणसे जादा ठेवलेली असतात आणि प्रत्येकाला एकमेकांची कामे येत असतात, त्यामुळे एखादा आजारी पडला तरी दुपारचे जेवण थांबत नाही. डबेवाल्यांचे काम ‘सिक्स सिग्मा’ म्हणजे जवळजवळ बिनचूक दर्जाचे असल्याची बहुचर्चित कथा बाजूला ठेवली तरी एवढे पुरेसे बोलके आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट मिळकतीची आहे. गटातील डबेवाले पगारी नोकर नसून भागीदार असतात. त्यामुळे डबा चुकून ग्राहक तुटला, तर झळ साऱ्या गटाला लागते आणि चूक झाकून ठेवणे कोणालाच परवडत नाही.

१९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतील रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या पथकांच्या नावावरच अधिक चुका नोंदलेल्या आढळल्या. ती पथके अधिक चुकत होती असे नव्हे, तर तेथे चूक उघडपणे सांगता येत होती, असा उलगडा त्यांनी केला. वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या कार्यालयात मार्चअखेरीस घाईघाईने उरकलेल्या ऑनलाइन प्रशिक्षणाची टक्केवारी फलकावर झळकते, पण गेल्या महिन्यात काय चुकले हे बैठकीत कोणी विचारत नसेल, तर त्या टक्केवारीचा कामाशी संबंध कसा जोडायचा?

अर्थात, डबेवाल्यांच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, अनेक डबेवाले मावळ-जुन्नरकडे परतले आणि त्यातील बरेच जण पुन्हा आलेच नाहीत. कोणते घर, कोणता जिना, कोणाचा डबा उशिरा तयार होतो, ही माहिती कागदावर कधी उतरलीच नव्हती. ती त्यांच्याबरोबर गावी गेली.