सुईवर राहिलेली ओळ

नमस्कार. अर्धवट राहिलेलं विणकाम सोबत आणा, असं मंडळानं निमंत्रणात लिहिलं होतं. तुम्ही ते इतकं मनावर घेतलंत, की खुर्च्यांवर माणसांपेक्षा पिशव्याच जास्त दिसताहेत. टिळकवाडीपासून वडगावपर्यंत कपाटांचे वरचे कप्पे आज मोकळे झाले असणार!

अर्धं राहिलेलं काम म्हणजे आळस, असं मी मानत नाही. बेळगावात विणकामाचा हंगामच लहान. दिवाळीनंतर गारवा येतो, सुया बाहेर निघतात. संक्रांत सरली की मांडीवर लोकर नकोशी होते. पुढं परीक्षा, लग्नसराई, आणि मग आपला तो पाऊस. काम थांबणारच. तेव्हा मी विचार उलटा करते: थांबणार हे ठाऊकच आहे, तर दोन रंगांचं विणकाम अशा पद्धतीनं करावं, की सहा महिन्यांनी पिशवी उघडल्यावर कुठवर आलो ते त्या कामानंच सांगावं. टाके सरकवून केलेलं रंगकाम तसं आहे.

रंगाची नक्षी म्हटली की बहुतेकांना फेअर आयल आठवतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यातल्या एका बेटाचं हे नाव. तिथल्या पद्धतीत एकाच ओळीत दोन धागे चालतात. जो विणायचा नाही तो मागून न्यायचा. वीण सुंदर दिसते, पण मागचा धागा किती सैल सोडायचा हे हाताला कळावं लागतं, आणि खंड पडला की नेमकं तेच बिघडतं.

सरकवण्याच्या पद्धतीत एका वेळी हातात एकच धागा. दोन ओळी मरून रंगाच्या, दोन ओळी मोतिया रंगाच्या. मोतिया ओळीत जिथं मरून दिसायला हवा, तिथला टाका विणायचा नाही, नुसता डाव्या सुईवरून उजवीवर सरकवायचा. खालच्या ओळीतला मरून टाका ताणून वर येतो आणि मोतिया पट्ट्यात उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, बाईंनी दोन धागे एकत्र विणले.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. टाका सरकवताना सुई उलट टाका विणताना घालतो तशी घालायची, नाहीतर टाक्याला पीळ पडतो. आणि धागा नेहमी कापडाच्या मागच्या बाजूला राहायला हवा: दर्शनी ओळ विणताना तो सुईच्या पलीकडे, परतीच्या ओळीत आपल्याकडे.

नमुना लिहून घ्या. चारच्या पटीत टाके, वर तीन. मरूननं टाके घालून एक ओळ उलट विणा. मग मोतिया घ्या: तीन सुलट, नंतर ‘एक सरकवा, तीन सुलट’ असं शेवटपर्यंत. परतताना सगळे उलट, पण जो टाका मरून दिसेल तो सरकवा. आता मरून घ्या: एक सुलट, पुढं ‘एक सरकवा, तीन सुलट’, शेवटी एक सरकवा, एक सुलट. परतताना मोतिया दिसेल तो सरकवा, बाकी उलट. झाला नमुना. परतीच्या ओळीला वही बघावी लागत नाही, हे लक्षात आलं का?

आता समजा, हे काम मार्गशीर्षात ठेवलं आणि पुढच्या कार्तिकात काढलं. दर्शनी बाजू आपल्याकडे करा आणि सुईवरचे टाके नुसते बघा. तीन मोतिया, एक मरून, तीन मोतिया असे दिसले, तर शेवटची ओळ मोतिया होती. ते मधले मरून म्हणजे सरकवलेले टाके. म्हणजे जोडी पुरी झाली असेल तर पुढचा रंग मरून, आणि सरकवायचा टाका तीन मोतियांतला मधला. जोडी पुरी झाली का? धागा कुठं लोंबतोय ते बघा. चालू रंगाचा धागा उजव्या कडेला असेल तर दोन्ही ओळी झाल्या. डाव्या कडेला असेल तर परतीची ओळ राहिली आहे. नक्षी कितीही मोठी असो, शेवटच्या ओळीत जे रंग दिसायला हवेत तेच सुईवर बसलेले असतात. वहीतली ओळ शोधायची आणि सुईशी ताडून बघायची, एवढंच.

या पद्धतीच्या भौमितिक नक्ष्यांना ‘मोझेक’ हे नाव अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर यांनी दिलं, आणि १९७६ साली त्यावर वेगळं पुस्तकच काढलं. त्यांच्या आलेखात चौकटींची एक रांग म्हणजे विणकामाच्या दोन ओळी. म्हणून अर्ध्या जागेत नक्षी मावते, आणि या चौकटींना मराठी लागत नाही की कन्नड. शेजारच्या अक्कांना वही दिली की त्या सरळ विणायला बसतात.

आपल्याकडं तर चौकटींची सवय जुनी. इरकल साडीवरची कसुती, म्हणजे आपलं भरतकाम, धागे मोजूनच घालतात. गोपूर, रथ, तुळशीवृंदावन शाळेच्या चौकटीच्या वहीवर उतरवून बघा. दोन्ही बाजूंनी सुलट विणलं, तर एका टाक्याची रुंदी आणि दोन ओळींची उंची जवळपास सारखी येते, त्यामुळं गोपूर ताणलेलं किंवा बसकं दिसत नाही. अट एक आहे. चालू ओळीत दुसऱ्या रंगाची चौकट हवी असेल, तर तिच्या बरोबर खालच्या चौकटीतही तोच दुसरा रंग असला पाहिजे, कारण सरकवायला खाली तो टाका लागतो. म्हणून कसुतीतल्या मुरगी टाक्याच्या पायऱ्या छान बसतात. एकेका चौकटीनं सरकणारी सरळ तिरकी रेघ बसत नाही, तिला पायऱ्या कराव्या लागतात. आणि सलग तीनपेक्षा जास्त टाके सरकवू नका. मागचे धागे लांब होतात, त्यात बोटं आणि अंगठ्या अडकतात.

या विणीची खोड अशी, की सरकवलेला टाका ओळी आखडून धरतो. कापड जाड आणि घट्ट होतं, लांबी भरायला जास्त ओळी आणि जास्त लोकर लागते. लहान मुलांच्या स्वेटरला, टोपीला, उशीच्या अभ्र्याला उत्तम. मोठ्या माणसाचा पूर्ण स्वेटर मी तरी यात करणार नाही. जड होतो, आणि आपल्याकडं एवढी थंडी आहे कुठं?

पिशवीतलं काम पुन्हा सुरू करताना आधी सुई बघा. पावसाळ्यात पोलादी सुईला गंज धरतो आणि डाग नेमका त्या ओळीवर उतरतो. म्हणून ठेवताना टाके सुती दोऱ्यावर घ्यावेत, सुई काढून घ्यावी. सुईचा नंबर लिहून ठेवा. आपल्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. गोल सुया मिलिमीटरवर मिळतात, तिथं गोंधळ होतो. दुसरं, वर्षभरानं हात बदललेला असतो. उरलेल्या लोकरीचा हातभर नव्हे, बोटभर तुकडा विणून जुन्या विणीशी लावून बघा. सैल येत असेल तर एक नंबर बारीक सुई घ्या. लोकर नवी आणली तर शेड नंबर जुळूनही लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, वेगळा असतो. तेव्हा जुना आणि नवा गुंडा काही अंतर आळीपाळीनं वापरा, म्हणजे फरकाची रेघ पडत नाही.

चूक सापडली म्हणून उसवायला धावू नका. विणायला नको होता तो टाका विणला गेला असेल, तर तेवढा एकच उभा टाका दोन ओळी खाली सोडा, खालचा रंग क्रोशाच्या सुईनं वर घ्या, धागे मागं राहू द्या. पाच मिनिटांचं काम.

समोरच्या काकूंची चिठ्ठी आली आहे. नातू चार वर्षांचा असताना स्वेटरचा पुढचा भाग झाला, आता तो हायस्कुलात आहे, काय करू? काकू, ही वीण ताणत नाही, तेव्हा कडेनं वाढवून त्याच्या अंगात घालायचा नाद सोडा. तो तुकडा मधोमध ठेवा, चारी कडांचे टाके उचला आणि कोपऱ्यांवर टाके वाढवत एकाच रंगात साधी सुलट वीण बाहेर नेत चला. पहाटे मांडीवर घ्यायला पांघरूण होईल. त्याच शेडची लोकर शोधू नका, मिळायची नाही. गडद करडा घ्या, मरून-मोतियाला शोभेल. आणि नातवाला स्वेटर हवा का, हे आधी त्यालाच विचारा.