सीटपाशी जाऊन मागा

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या चांगल्या संस्थेसाठी चार पैसे जमवावेत असं मनात येतं. मोबाइलवर बसून तुम्ही निधीसाठी एक पान तयार करता. त्याची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर जाते, ऑफिसच्या ग्रुपवर जाते, शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर जाते. दहा मिनिटांत हात जोडलेली चित्रं येतात, अंगठे येतात, 'खूप छान उपक्रम' असं लिहून येतं. पैसे मात्र येत नाहीत. दोन दिवसांत त्या लिंकवर गुड मॉर्निंगचे थर चढतात आणि तुम्हाला वाटायला लागतं, लोकांना कशाचं काही पडलेलंच नाही.

असं वाटून घेऊ नका. मुंबईचा माणूस देतो. त्याला कोणी नीट विचारलेलं नसतं. आज मला या विचारण्याबद्दलच बोलायचं आहे.

त्याआधी दोन गोष्टी पटकन सांगते. पहिली, संस्था पारखून घ्या. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा, गेल्या वर्षीचा हिशेब मागा आणि जमलं तर एकदा स्वतः जाऊन या. चांगली संस्था हिशेब मागितल्यावर रागावत नाही, उलट चहा देते. दुसरी गोष्ट, पैसे थेट संस्थेच्या खात्यात गेले पाहिजेत. तुमच्या स्वतःच्या यूपीआयवर नकोत, मुलाच्या नको, सेक्रेटरींच्याही नको. पुन्हा सांगते, पैसे संस्थेच्याच खात्यात. तुम्ही कितीही सरळ असलात तरी घरखर्च आणि देणगी एकाच खात्यात आली की हिशेब धुसर होतो, आणि एकदा धुसर झालेला हिशेब कोणाला पटवून देता येत नाही.

आता ज्यांच्याकडून मी हे मागणं शिकले, त्या काकांबद्दल सांगते.

परळला आमच्या इमारतीत हे काका राहतात. बेस्टमध्ये कंडक्टर होते, वडाळा डेपोला. निवृत्त झाल्यावर सकाळी चालायला जायला लागले आणि एका वर्षी त्यांनी ठरवलं की मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या दौडीत उतरायचं. ही मॅरेथॉन २००४ पासून होते, जानेवारीत, आणि तिच्या निमित्ताने बरेच जण एखाद्या संस्थेसाठी निधी जमवतात. युनायटेड वे मुंबई ही संस्था त्या निधीचं काम पाहते. ज्येष्ठांची दौड साधारण चार किलोमीटरची. काका म्हणाले, नुसतं चालून काय करू, कोणाच्या तरी उपयोगी चालतो. त्यांनी संस्था निवडली ती कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना राहायला खोली देणारी.

पान सूनबाईंनी तयार केलं. मजकूरही त्यांनीच लिहिला, 'समाजाचं ऋण फेडण्याची सुवर्णसंधी' वगैरे. काकांनी तो वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, हे माझं नाही. मग वहीच्या पानावर स्वतः लिहून दिलं. ते मला जवळजवळ पाठ आहे. 'मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो. परळला जाणाऱ्या बसमध्ये रोज कोणीतरी बाई विचारायची, भाऊ, टाटा आलं का? एका हातात फाइल, दुसऱ्या हातात मूल. मी त्यांना हॉस्पिटलचा स्टॉप दाखवला. पुढे त्या रात्री कुठे झोपल्या, ते मला कधी कळलं नाही. एका कुटुंबाच्या एका रात्रीला ५०० रुपये लागतात.' एवढंच. खाली लिंक.

फोटोही मुलांचा नव्हता. त्यांचा स्वतःचा होता, खाकी गणवेशातला, खांद्याला चामड्याची बॅग. इथे माझं एक ठाम मत सांगून टाकते. सलाइन लावलेल्या, केस गेलेल्या मुलांचे फोटो पैशासाठी फिरवू नयेत. ते मूल उद्या बरं होईल, कॉलेजात जाईल, आणि तो फोटो कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये राहिलेला असेल. त्याला कोणी विचारलं होतं का?

तर, मजकूर सुंदर होता. लिंक सगळ्या ग्रुपवर गेली. पहिल्या दिवशी आली एक देणगी, तीही सूनबाईंच्या भावाची. बाकी सगळे हात जोडून मोकळे. सूनबाई खट्टू झाल्या. काका मात्र शांतपणे म्हणाले, 'अगं, दारात उभं राहून तिकीट, तिकीट ओरडलं तर कोणी काढतं का? सीटपाशी जावं लागतं.'

आणि दुसऱ्या दिवसापासून ते सीटपाशी जायला लागले. त्यांच्याकडे नंबर लिहिलेली जुनी डायरी होती. तिच्यातला एक एक नंबर लावायचा. पहिला फोन त्यांच्याच गाडीवरच्या ड्रायव्हरला. आधी तब्येत, मग नातवंडं, मग सरळ प्रश्न, 'एक रात्र घेतोस का?' आणि विचारून झालं की गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं, श्रोतेहो. आपण मागतो आणि लगेच आपणच म्हणतो, नाही जमलं तरी चालेल हं, काही जबरदस्ती नाही. समोरच्याला विचार करायला वेळच देत नाही. काका गप्प राहायचे. ड्रायव्हर म्हणाले, दोन रात्री लिही. कोणी नाही म्हटलं तर काका म्हणायचे, बरं, काळजी घे, आणि पुढचा नंबर लावायचे. मनात काही ठेवायचं नाही, पुन्हा त्याला छेडायचं नाही.

खालच्या इस्त्रीवाल्यांनी ५० रुपये दिले. त्याच संध्याकाळी काकांनी त्यांना नावानिशी मेसेज केला, तुमचे पन्नास पोचले, संस्थेची पावती अशी अशी येईल. पाच हजार देणाऱ्यालाही नेमका तेवढाच मेसेज. एका अक्षराचा फरक नाही. मी विचारलं तर म्हणाले, तिकीट लहान असो की मोठं, प्रत्येकाच्या हातात द्यावंच लागतं.

लहान रकमेला नाक मुरडणाऱ्यांना मी नेहमी पैसा फंडाची आठवण करून देते. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून माणशी एकेक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिलं आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तेव्हा ना लिंक होती ना यूपीआय. माणूस माणसासमोर जाऊन मागत होता.

आणि कंडक्टरचा विषय निघालाच आहे तर बोलते. बेस्टने काही मार्गांवर कंडक्टरशिवाय बस चालवून पाहिल्या, ते मला कधीच रुचलं नाही. 'टाटा आलं का' हे गावाहून आलेल्या बाईने विचारायचं कोणाला? बसमध्ये कंडक्टर हवाच.

काकांच्या नावावर शेवटी ८७ रात्रींचे पैसे जमले. जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे सीएसएमटीला जायला सूनबाई बरोबर होत्या, इस्त्रीवाले बरोबर होते. पुढे संस्थेचं पत्र आलं, पैसे कशाला वापरले त्याचं. काकांनी ते देणाऱ्या प्रत्येकाला पाठवलं. पुढच्या वर्षी डायरी उघडली तेव्हा दोघातिघांनी फोन उचलल्या उचलल्या विचारलं, यंदा किती रात्री?

म्हणजे बघा, एका वेळी एका माणसाला विचारायचं. कशासाठी आणि किती, ते नेमकं सांगायचं. आणि पैसे कुठे गेले ते प्रत्येकाला परत कळवायचं. लिहून घेणाऱ्यांसाठी पुन्हा म्हणते, एकेकाला विचारा, नेमकं सांगा, परत कळवा. पहिली देणगी तुमची स्वतःची असू द्या. शून्य रुपये दिसणाऱ्या पानावर पहिला हात टाकायला लोक कचरतात.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी आता सांगते. करसवलत हवी असेल तर संस्थेकडे आयकर खात्याची त्यासाठीची मान्यता, जिला लोक ऐंशी-जी म्हणतात, ती आहे ना ते बघा, आणि देणाऱ्याने आपला पॅन नीट भरावा. रोखीत २००० रुपयांच्या वर दिलं तर ही सवलत मिळत नाही. ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांनाही ती नाही, हे आधीच सांगून टाका, नंतर वाईटपणा नको. कोणा एका रुग्णाच्या बिलासाठी थेट त्याला पैसे दिले तर तिथेही ती मिळत नाही. देऊ नका असं मी म्हणत नाही, जरूर द्या, पण सवलतीची आशा दाखवू नका.

निधी जमवून देणाऱ्या काही वेबसाइटवर पैसे देताना खाली त्या वेबसाइटसाठी टिप म्हणून एक आकडा आधीच भरलेला असतो. तो कमी करता येतो, काढूनही टाकता येतो. घरातल्या ज्येष्ठांना हे दाखवून ठेवा.

अमेरिकेतला भाचा डॉलर पाठवतो म्हणतो? त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले असतील तर अडचण नाही. पण तो तिकडचा नागरिक झाला असेल तर ती परदेशी देणगी ठरते, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. आधी संस्थेला फोन करा, मग भाच्याला.

आणि कोणी तुम्हाला म्हणालं, मोठी देणगी पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, तर फोन ठेवून द्या. पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जायला.

जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी जमवायचं असेल तर दिवाळीच्या आत पान तयार ठेवा आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्यात संस्थेत जाऊन या. फराळाला माणसं घरी येतात तेव्हा प्रत्येकाला समोरासमोर विचारता येतं.

नमस्कार.