घराची गरज कोण ठरवते?

लंडनच्या पूर्व भागात, शोरडिच आणि बेथनल ग्रीन यांच्या हद्दीवर, अर्नोल्ड सर्कस नावाचे एक गोल उद्यान आहे. त्याच्या मध्यभागी दिसणारी टेकडी नैसर्गिक नाही. पाडलेल्या घरांचा राडारोडा तिच्या पोटात आहे. येथे ओल्ड निकोल नावाची दाट, दरिद्री वस्ती होती. ती हटवून लंडन काउंटी कौन्सिलने उद्यानाभोवती लाल विटांच्या इमारती उभारल्या आणि १९०० साली बाउंड्री इस्टेट ही नवी वसाहत समारंभपूर्वक खुली झाली. वस्तीतून ५,७१९ माणसे उठवली गेली होती. त्यांपैकी नव्या इमारतींत राहायला आले ते अवघे ११ जण. येथील भाडे गरिबांच्या आवाक्याबाहेरचे होते, त्यामुळे ही घरे नियमित कमाई असलेल्या कुटुंबांकडे गेली.

सार्वजनिक पैशातून बांधलेले घर कोणाला द्यावे, हा प्रश्न इंग्लंडमध्ये तेव्हापासून सुटलेला नाही. १९१९ च्या कायद्याने कौन्सिलांना, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांना, घरे बांधण्यासाठी सरकारी अनुदान मिळू लागले आणि पुढील अनेक दशके वाटपाचे नियम प्रत्येक कौन्सिलने आपापल्या मर्जीने ठरवले. बऱ्याच ठिकाणी अर्जदाराच्या घरी पाहणीसाठी कर्मचारी जात, स्वयंपाकघर आणि अंथरूण-पांघरूण किती स्वच्छ आहे याची नोंद करत आणि त्या शेऱ्यावरून कोणाला नवे घर द्यायचे व कोणाला जुने, हे ठरे. ज्या बाईच्या घरात नळच नव्हता, तिची स्वच्छता अशा रीतीने मोजली जात होती, ही गोष्ट आज ऐकतानाही अस्वस्थ करते.

आज इंग्लंडमधील वाटप १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार चालते. प्रत्येक कौन्सिलला आपली वाटप योजना लिखित स्वरूपात जाहीर करावी लागते आणि पाच प्रकारच्या अर्जदारांना त्या योजनेत वाजवी प्राधान्य द्यावे लागते: जे बेघर आहेत, बेघरांसंबंधीच्या कायद्याने ज्यांची जबाबदारी कौन्सिलवर आलेली आहे, जे अस्वच्छ, गर्दीच्या किंवा राहण्यास अयोग्य घरात राहतात, ज्यांना आजारपण, अपंगत्व किंवा तशाच कारणाने घर बदलणे आवश्यक आहे, आणि एखाद्या विशिष्ट भागात न राहिल्यास ज्यांचे हाल होतील. यादी स्पष्ट वाटते, परंतु या पाचांपैकी कोणाची गरज अधिक तीव्र, हे कायदा सांगत नाही. दम्याचा रुग्ण ओलसर भिंतींच्या खोलीत राहत असेल आणि दुसरे सहा जणांचे कुटुंब दोन खोल्यांत राहत असेल, तर आधी कोण, याचे उत्तर कौन्सिलच्या योजनेत शोधावे लागते. अधिकारी अर्ज उघडतो त्याच्या कितीतरी आधी, नियम लिहिले जात असतानाच, खरा निर्णय होऊन गेलेला असतो.

पूर्वी यासाठी गुण देण्याची पद्धत सर्रास होती. आता बहुतेक कौन्सिलांनी अर्जदारांचे तीन-चार गट केले आहेत आणि एकाच गटातील दोघांमध्ये ज्याचा अर्ज जुना, त्याला सहसा आधी संधी मिळते. रिकामी घरे संकेतस्थळावर जाहीर होतात आणि अर्जदार त्यांवर बोली लावतात. या बोलीत पैशाचा संबंध नसतो. ‘हे घर मला हवे आहे’ एवढेच त्यातून कळवायचे असते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात सुरू झालेली ही पद्धत इंग्लंडमध्ये २००० सालच्या सुमारास हार्बरो येथे प्रथम वापरली गेली. अर्जदाराला निवडीचा अधिकार मिळाला, हे चांगलेच झाले. मात्र निवडण्याजोगी घरे किती आहेत, हेही पाहायला हवे. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना आपले घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरे विकली गेली. त्या प्रमाणात नवी घरे बांधली गेली नाहीत. २०२४ साली कौन्सिलांच्या प्रतीक्षा यादीत १३ लाखांहून अधिक कुटुंबे होती.

यादीत नाव यावे, यासाठीही आता पात्र ठरावे लागते. २०११ च्या कायद्याने कौन्सिलांना आपल्या पात्रतेच्या अटी घालण्याची मोठी मुभा दिली आणि अनेकांनी त्या भागात काही वर्षे वास्तव्य असल्याची अट घातली. लंडनमधील ईलिंग कौन्सिलच्या पाच वर्षांच्या अटीमुळे घरातील हिंसाचारापासून पळून आलेल्या एका स्त्रीला यादीबाहेर ठेवण्यात आले. २०१५ साली उच्च न्यायालयाने तो निर्णय बेकायदेशीर ठरवला. लंडनमधीलच हिलिंग्डन कौन्सिलची अट दहा वर्षांची होती. फिरत्या आयरिश समाजाला आणि तेथे नव्याने आलेल्या निर्वासितांना ती पूर्ण करणे इतरांपेक्षा कितीतरी कठीण होते, आणि २०१९ साली अपील न्यायालयाने त्यातील भेदभावावर बोट ठेवले. स्थानिकांना आधी घर मिळावे ही भावना समजण्याजोगी आहे; परंतु ज्यांना एका जागी टिकूच दिले गेले नाही, त्यांच्याकडे वास्तव्याचा पुरावा मागणे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

नोकरीच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हे नियम लागू होतात. अशा व्हिसावर सार्वजनिक निधीतून मदत मिळणार नाही, अशी अट असते आणि कौन्सिलचे घर त्याच अटीत येते. भाडे कितीही वाढले, तरी त्यांना खाजगी घरमालकाकडेच राहावे लागते. कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळाल्यानंतर अर्ज करता येतो; त्यानंतर त्या कौन्सिलच्या हद्दीत ते किती वर्षे राहिले, हे मोजले जाते.