नववं पान

नमस्कार श्रोतेहो.

दर रविवारी दुपारी आमच्या पडवीत आठ पानं मांडली जातात. त्या पानांवर बसणाऱ्यांची नावं मला ठाऊक असतात, फोन नंबर असतो, कोणाला काय चालत नाही ते वहीत लिहिलेलं असतं. चेहरे मात्र बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दारापाशी, गाडी थांबली की पहिल्यांदा दिसतात. पुण्याचे, नाशिकचे, बेळगावचे, एकदा तर थेट कोलकात्याहून आलेलं जोडपं. ओळख ना पाळख. दीड-दोन तासांत ही माणसं पोटभर जेवतात, सासूबाईंच्या पाया पडतात आणि निघून जातात. यातली बरीचशी पुन्हा कधी भेटत नाहीत.

आमचं घर मालवणहून तारकर्लीला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत, माडांत. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा मी डोंबिवलीला होते, लोकलला लोंबकळत. हे निवृत्त झाल्यावर आम्ही गावी आलो. तोपर्यंत किल्ला, स्कूबा, डॉल्फिन असं सगळं बघायला येणाऱ्यांची रांग लागली होती. फिरून भुकेजलेली माणसं आमच्या वाडीत शिरून विचारायची, "इथे घरगुती जेवण मिळेल का हो?" ज्या घरात रोज दोन वेळा चूल पेटते, त्या घराला हा प्रश्न! मी ह्यांना म्हटलं, आपणच का नाही?

हे लगेच तयार झाले. अडल्या त्या सासूबाई. "गो, पाव्हण्याक जेवूक घालूचा आणि वर पैशे घेवचे? लोक काय म्हणतले?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नारळ सोलता सोलता स्वतःच म्हणाल्या, "तुझे मामंजी लालबागात अठरा वर्सां पैशे देवनच जेवले. तां काय हाटेल होतां?"

मी बघतच राहिले. खरंच की! आपल्या कोकणातला गिरणगावात गेलेला माणूस जगला कशावर? खानावळीवर. एका खोलीत दहा-पंधराजण पाळीपाळीने झोपायचे आणि शेजारच्या चाळीतल्या बाईंकडे महिन्याचे पैसे भरून जेवायचे. ती बाई ना आई, ना हॉटेलवाली. मामंजींच्या खानावळवाल्या बाई राजापूरकडच्या होत्या. मामंजींना रात्रपाळी असली की बांगड्याचा मधला तुकडा वाटीखाली झाकून ठेवायच्या, ही गोष्ट सासूबाईंना मामंजींनी पत्रातून कळवली होती. अशा बायांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या पाशातून त्या सुटाव्यात म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे अनोळखी माणसाला पैसे घेऊन घरचं वाढायचं, हे आपल्याकडे पन्नास-शंभर वर्षं चालत आलेलं आहे. आमचा लंडनचा पुतण्या फोनवर सांगत होता, "काकी, तुझ्या या उद्योगाला इकडे सपर क्लब म्हणतात." कोलकात्याच्या अस्मा खान यांनी २०१२ मध्ये लंडनमधल्या स्वतःच्या घरात असंच सुरू केलं आणि २०१७ मध्ये तिथल्या सोहो भागात मोठं रेस्टॉरंट काढलं. स्वयंपाकघरात सगळ्या बायकाच, कुठल्याही हॉटेलच्या शाळेत न गेलेल्या. मुंबईत कुलाब्यालाही एका बोहरी घरात २०१४ पासून आई रांधायची आणि मुलगा अनोळखी लोकांना एका थाळाभोवती बसवायचा. नाव काहीही द्या.

तर सासूबाईंनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "उंबऱ्याच्या आत पैशे नाय." जेवलेल्या माणसासमोर हात पसरायचा नाही. म्हणून आम्ही निम्मे पैसे आधी फोनवर घेतो, उरलेले हे बेड्यापाशी, गाडीत बसताना. दर माणशी ६५० रुपये. ही अट मला आधी कटकटीची वाटली होती. आता वाटतं, तीच आमची खरी घडी. आत असेपर्यंत तो पाहुणा, बाहेर पडला की गिऱ्हाईक.

आता आठच का, हे सांगते. हेच मला सगळे विचारतात.

आमच्याकडचं मुख्य जेवण म्हणजे वडे-सागोती, नाहीतर मासे. सागोती म्हणजे मटणाचा किंवा कोंबडीचा रस्सा. वड्यांचं पीठ रात्री कोमट पाण्यात मळून ठेवते. तांदूळ, थोडी उडदाची नि चण्याची डाळ, धणे, मेथ्या, जाडसर दळलेलं. सकाळी केळीच्या पानावर तळहाताएवढा वडा थापायचा आणि तेलात सोडायचा. आमच्या कढईत एका वेळी तीन वडे मावतात. वडा खाली जातो, वर येतो, झाऱ्याने हलकं तेल उडवलं की टम्म फुगतो, उलटायचा, काढायचा. या सगळ्याला दीड मिनिट. म्हणजे मिनिटाला दोन वडे. जेवणारा माणूस सागोतीच्या रसात बुडवून एक वडा साधारण चार मिनिटांत संपवतो. आठ माणसं, चार मिनिटं, आठ वडे. मिनिटाला दोन! माझा हात आणि त्यांची तोंडं बरोब्बर एका चालीत. प्रत्येकाच्या पानात कढईतून काढलेला गरम वडा पडतो. नवव्या माणसापासून लोक ताटकळायला लागतात, नाहीतर मी आधी तळून ठेवते. आणि तळून ठेवलेला वडा दहा मिनिटांत चामडं होतो.

हे गणित मी हुशारीने मांडलेलं नाही. तोंडघशी पडून शिकले. दुसऱ्याच वर्षी सहली नेणाऱ्या एकांचा फोन आला. पंचवीस माणसं, मिनी बस, दर महिन्याला एक फेरी नक्की, फक्त त्यांना माणशी थोडं कमिशन. मी भुलले. शेजारच्या दोघी मदतीला आल्या, मंडपवाल्याकडून टेबलं आणली, वडे सकाळी अकरापासून तळत बसलो. बस आली तीनला. नकाशाने त्यांना त्याच नावाच्या दुसऱ्या वाडीत नेलं होतं. वडे गार झाले होते. सोलकढी वाढत्या उन्हात फुटली होती आणि पुरावी म्हणून मी तिच्यात पाणी घातलं. हो, घातलं. ऐकणाऱ्यांत आमच्या गावचे असतील तर त्यांनी आता हसू नये. एक गृहस्थ दोन बोटांनी वडा उचलून म्हणाले, "पुरी जरा जाड झाली का?" सासूबाई खोलीतून बाहेर आल्या नाहीत. बस गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "ह्यां काय लगीन होतां?" त्या दिवशी पैसे चांगले मिळाले. रात्री मी चटणी-भात खाऊन झोपले.

सोलकढीचं पण सांगते, कारण तिच्यावर लोक येता-जाता अन्याय करतात. गुलाबी रंगाचं, लसूण ओरबाडून घातलेलं ते पाणी म्हणजे सोलकढी नव्हे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले की आगळ, म्हणजे त्यांचा रस, काढून मीठ घालून बरण्या भरतो, सालं उन्हात वाळवून त्यांची सोलं करतो. आठ माणसांच्या कढीला दोन नारळ. पहिला रस दाट, दुसरा जरा पातळ, तिसरा काढायच्या फंदात पडायचं नाही. मिक्सर सलग फिरवला तर तापतो आणि नारळाचं तेल सुटतं, म्हणून थांबून थांबून. आणि आगळ घालायचं ते पानं मांडल्यावर, शेवटी. आधी घालून ठेवलं की रस फाटतो. माणसं येऊन हात धुवायला लागली की मी आगळाची बरणी उघडते.

आठ माणसांना सगळं मिळून सहा-सात नारळ लागतात. ते सासूबाई खोवतात. वय ८१. विळीवर बसतात आणि नारळाची काळी पाठ खोबऱ्यात येऊ न देता वाटी खरवडून काढतात. मी खोवलं की वाटप जरा करडं दिसतं. त्या बोलत नाहीत, नुसतं बघतात. नववं माणूस घेतलं तर त्या एक नारळ जास्त खोवतील, तक्रार करणार नाहीत. पण संध्याकाळी खांद्याला तेल मलाच लावायचं असतं ना!

मासे काय मिळतील हे मी फोनवर कधीच कबूल करत नाही. लोकांना पापलेट-सुरमई पाहिजे असते. मी सांगते, सकाळी बंदरावर लिलावात जे मिळेल ते. कधी सुरमईचा भाव ऐकूनच आम्ही पुढे सरकतो आणि बांगड्याचे वाटे घेतो. मला विचाराल तर बांगड्याचं तिखलं सुरमईच्या तोंडात मारेल असं असतं. त्यात तिरफळं घालतो. आतली काळी बी काढून टाकायची, साल नुसती ठेचायची, वाटपात वाटायची नाही. पाहुण्यांना मी आधीच सांगते की तिरफळ बाजूला काढा, चावू नका. कोलकात्याच्या त्या साहेबांनी नेमकं चावलं. माशांचा पक्का माणूस, काटे असे सफाईने काढत होता की सासूबाई कौतुकाने बघत होत्या. आणि एकदम जीभ बाहेर! बायको घाबरली. जीभ पाच-सात मिनिटं बधिर राहते, बाकी काही होत नाही. त्यांनी निघताना मूठभर तिरफळं मागून घेतली.

सोमवारी आमच्या चुलीवर मासा चढत नाही, संकष्टीला, एकादशीला नाही, श्रावणात तर नाहीच. सुट्टी बघून सोमवारी येऊ म्हणणाऱ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, नाहीतर शिरवाळे आणि नारळाचा रस. काहीजण हिरमुसतात, काही येतच नाहीत. हरकत नाही.

पावसात आणखी एक गंमत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ आणि वर खवळलेला समुद्र. या दोन महिन्यांत कोणी ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती कुठल्या बर्फातून आली ते विचारा. एका जुलैत नाशिकचे एक गृहस्थ आले, एकटेच, पावसात भिजलेले. मी त्यांना फणसाच्या आठळ्या घालून सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, कालवण, उकड्या तांदळाचा भात आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. ताट बघून म्हणाले, "मासे नाहीत का?" मी म्हटलं, आहेत ते हेच. गप्प बसून जेवले. पुढच्या जुलैत त्यांचा फोन, "ते बियांचं आहे ना?" आता दर पावसाळ्यात येतात. ताज्या माशाच्या दिवसांत एकदाही आले नाहीत.

तुमच्यापैकी कोणाच्या मनात असा उद्योग असेल तर कागदपत्रांचं थोडक्यात. घरून जेवण विकायचं तरी अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. आम्ही केली तेव्हा छोट्या व्यवसायाला वर्षाला १०० रुपये भरावे लागले, अर्ज ऑनलाइन. विहिरीचं पाणी तपासून घ्या. आमच्या विहिरीत पंचायतीचा माणूस पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकून गेला की दोन दिवस वास येतो, तेव्हा मी पाहुण्यांना सरळ सांगते आणि उकळून गार केलेलं पाणी देते. आणि बुकिंग घेताना विचारायलाच हवं, अंगावर पित्त कशाने उठतं? एक मुलगी मासे आवडीने खायची, पण तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, तिला चालत नव्हत्या. हे तिने सांगितलं ते पहिला घास उचलल्यावर. मी तिच्या हातातून घास काढून घेतला, अक्षरशः. तेव्हापासून कवचाच्या माशांबद्दल वेगळा प्रश्न विचारते, कारण "मासे चालतात" यात तिसऱ्या-कालवं-सुंगटं येतात की नाही, हे ज्याचं त्यालाच माहीत.

गेल्या रविवारची गोष्ट सांगते. कोल्हापूरची मंडळी, आठ सांगितली होती, उतरली नऊ. नववा सहा वर्षांचा, आईच्या ओढणीमागे लपलेला. आई ओशाळून म्हणाली, "तो काही खात नाही हो, याला नका धरू." मी आत येऊन सासूबाईंना विचारलं, काय करू, नववं पान मांडू?

"तेचा पान नको," त्या म्हणाल्या. "तो माझ्यावांगडा जेवतलो."

आणि त्याला मांडीजवळ घेऊन बसल्या. बांगड्याचा काटा एकेक काढून भातात मऊ घास कालवत होत्या. तो काही खात नाही म्हणे! मासा झाला, भात झाला, मग त्याने समोरच्या पानातला वडा बघितला. सहा वडे खाल्ले पोराने. कढईपाशी माझी जी काही तारांबळ उडाली ती विचारू नका.

नमस्कार.